डब्याचं वजन

दुसऱ्याचा जेवणाचा डबा हातात घेऊन त्याचं वजन बघायचा हक्क या जगात दोनच माणसांना आहे, असं माझं ठाम मत आहे. एक ज्याची त्याची आई आणि दुसरे आमचे आतोबा. आईला निदान आपल्याच पोराच्या डब्याशी कर्तव्य असतं. आतोबांनी भांडुपच्या गाळ्यात रोज सकाळी आधी नऊ, मग वीस आणि पुढे दोन गाळे मिळून चाळीसच्या वर माणसांचे डबे असे उचलून पाहिले आणि त्या जोरावर एक कारखाना चालवला. मी व्यवस्थापनाची पदविका घेतलेला माणूस आहे. संध्याकाळच्या कॉलेजात दोन वर्षं घासून ती मिळवली होती. माणसं कशी निवडावी, कामं कशी वाटावी, यावर मी तेव्हा फळ्यावर आकृत्या काढून तासभर बोलू शकत असे. आतोबांना फळा ठाऊक नव्हता, फळी ठाऊक होती. त्या फळीपुढे माझ्या सगळ्या आकृत्या कशा आडव्या झाल्या ते आज सांगायला बसलो आहे, आणि सांगताना मला स्वतःविषयी फारसं बरं वाटणार नाही हेही मला माहीत आहे.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर म्हणून उमेदवारी केलेले, पुढे एका वर्कशॉपात, आणि अखेर कर्जाऊ घेतलेल्या एका जुन्या प्रेस मशीनच्या भरवशावर आग्रा रोडच्या कडेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेऊन बसलेले. आमच्याकडे पत्र्याचे वॉशर, क्लिपा, टॉर्चची झाकणं, पंख्यांचे बारीकसारीक भाग असं काय काय निघे. मशीनचं पेडल पायानं दाबलं की वरून दट्ट्या खाली येई आणि पत्र्यातून वॉशर कापला जाई. पत्रा हातानं सरकवायचा आणि हात मागे घ्यायचा. तो हात मागे घ्यायला विसरणं एवढीच काय ती चूक तिथे करता येत असे, पण ती एकदाच करता येत असे. आतोबांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तरुणपणीच दुसऱ्या कुणाच्या तरी वर्कशॉपात राहिलं होतं. म्हणून त्यांच्या गाळ्याचा एकच नियम होता आणि तो कुठल्याही भिंतीवर लिहिलेला नव्हता. आलेला माणूस दहा बोटं घेऊन घरी गेला पाहिजे. मी तिथे रुजू झालो तेव्हा गाळ्याला अकरा वर्षं झाली होती आणि त्या अकरा वर्षांत एकाचंही नख दुखावलं नव्हतं.

ते बसत दारात. केबिन म्हणून काही नव्हतंच. एक लोखंडी खुर्ची, तिच्यावर आत्यानं शिवलेली गोधडीची घडी, आणि खुर्चीच्या उजव्या हाताला भिंतीत ठोकलेली सागवानी फळी. सकाळी आठाच्या ठोक्याला माणसं येत आणि आपापला डबा त्या फळीवर ठेवून आत जात. शेवटचा माणूस आत गेला की आतोबा उठत. हात मागे बांधून फळीपुढून एक चक्कर मारत, आणि मग एकेक डबा उजव्या हातानं कडीला धरून उचलत, क्षणभर अधांतरी धरत आणि खाली ठेवत. उघडत कधीच नसत. तोंडानं काही पुटपुटतही नसत. मग आत जाऊन कामं वाटत. ज्याचा डबा रोजच्यासारखा, तो प्रेसवर. ज्याचा डबा हलका, त्याला त्या दिवशी प्रेस नाही. पण तसं ते कधी बोलत नसत. "आज पॅकिंगला माणूस कमी आहे रे, तू जरा तिकडे बघ," असं म्हणत. किंवा "माझे चष्मे लागत नाहीत, एवढी झाकणं मोजून दे," म्हणत. आतोबांना चष्मा एकच होता आणि तो उत्तम लागत असे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मग तो झाकणं मोजणारा माणूस ओघानंच त्यांच्या खुर्चीशेजारी असे आणि आतोबांचा पाच पुड्यांचा, एकावर एक पाच खणांचा डबा उघडे. पाच पुडे एकट्या माणसाला कशाला लागतात, असं मी आत्याला एकदा विचारलं. आत्या म्हणाली, "त्यांना एकच लागतो. बाकीचे कुणाला लागतील ते सकाळी थोडंच ठरतं?"

नव्या माणसाला हा प्रकार कळायला वेळ लागे. घाटकोपरहून आलेल्या एका भल्या गृहस्थानं पहिल्याच आठवड्यात आपल्या डब्याला तांब्याची तार गुंडाळून तिला पीळ घातला. मालक डब्यातली भाकरी पळवतो अशी त्याची समजूत झाली होती. आतोबांनी तार बांधलेला डबा उचलला, अधांतरी धरला, खाली ठेवला. दुपारी त्याला बोलावून म्हणाले, "तार चांगली बांधलीस. हात साफ आहे तुझा. उद्यापासून पंख्यांच्या वायंडिंगवर बस, तार गुंडाळायला." तो माणूस पुढे आमचा वायंडिंगचा मुख्य झाला आणि ती तारेची गोष्ट स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगू लागला. माणूस कामावर घेतानाही आतोबा सर्टिफिकेटं बघत नसत. उमेदवाराला दुपारी जेवायलाच बोलवत. जेवताना तो बोटं भाजण्याइतक्या घाईनं खातो का, दुसऱ्याच्या पुड्याकडे बघतो का, आणि हात धुतल्यावर पाण्याचा नळ नीट बंद करतो का, एवढं पाहून निकाल देत. एका पदवीधराला त्यांनी नळ ठिबकत ठेवल्याबद्दल परत पाठवलं. "ह्यो मशीन बंद करूक इसारतलो," असं ते मला म्हणाले. मनातलं खरं बोलायचं असलं की त्यांची मुंबईची मराठी गळून पडे आणि खालची मालवणी वर येई.

मी माझ्या पहिल्याच दिवशी डबा नेला नव्हता. मालाडहून दोन बस बदलून येणारा मी मॅनेजर होतो. मॅनेजरनं दुपारी उडपी हॉटेलात बसून मसाला डोसा खावा अशी माझी कल्पना होती. आतोबांनी फळीवर नजर टाकली, मग माझ्या बॅगेकडे टाकली, मग तीही उचलून पाहिली. त्या दिवशी त्यांनी मला एकही पत्र लिहू दिलं नाही. गिऱ्हाइकाला फोनही करू दिला नाही. जुन्या फायली लावायला बसवलं. मी चिडून कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "रिकाम्या पोटानं लिहिलेलं पत्र चिडकं होतं. तू तर आत्ताच चिडला आहेस." दुसऱ्या दिवसापासून आईनं मला डबा दिला आणि मी तो निमूटपणे फळीवर ठेवला. सगळे त्यांना तोवर 'मालक' म्हणत. मी सवयीनं 'आतोबा' म्हणालो आणि महिन्याभरात सारा गाळा त्यांना आतोबा म्हणू लागला. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, उलट त्यांना ते आवडलं असावं.

संध्याकाळचा प्रकार सकाळच्याहून विचित्र होता. साडेपाचला मशीनं बंद झाली की आतोबा खुर्चीत ताठ बसत आणि जाणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्यापुढे थांबून दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा असा दंडक होता. 'येतो' म्हणून हात हलवून निघालेलं चालत नसे. एका हाताचा सलाम चालत नसे. शेजारच्या गाळ्यातला प्लॅस्टिकवाला हे रोज बघायचा. "तुमच्या म्हाताऱ्याला देव व्हायची हौस आहे यार," असं तो मला म्हणाला आणि मला ते पटलं. मी पहिल्या दिवशी नुसती मान लववून बाहेर पडलो, तर हे गृहस्थ बसस्टॉपपर्यंत माझ्या मागे चालत आले. रांगेतल्या माणसांसमोर त्यांनी मला हात जोडायला लावले, जोडलेल्या हातांकडे रोखून पाहिलं, "जा," म्हणाले आणि परत फिरले. माझा अपमान झाला असं मला वाटलं. रात्री आईला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "अरे, ते बोटं मोजतात. त्यांची गेली तेव्हा संध्याकाळपर्यंत कुणी मोजली नव्हती. हात फडक्यात गुंडाळून ते चालत घरी आले होते." मग तिनं पुढचंही सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या घरात सकाळी चूल पेटली नव्हती, आणि प्रेसवर बसल्या बसल्या त्यांना फक्त एकदा घेरी आली होती. तेव्हापासून मी आपण होऊन, दोन्ही हात नीट उघडून नमस्कार करू लागलो.

असा हा कारखाना होता आणि तो वाढला. दोष द्यायचा तर मलाच द्यायला हवा. पंखे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची ऑर्डर मी मिळवली. नाहूरच्या बाजूला दुसरा गाळा घेतला, चार प्रेस आणखी आल्या, माणसं दुप्पट झाली. गिरण्या थंडावल्या होत्या, त्यामुळे लालबाग-परळकडून कोकणातलीच माणसं कामाला विचारत यायची. बापाचा हात धरून गिरणीत गेलेली, चांगल्या हाताची माणसं होती ती. आतोबांची खुर्ची मात्र एकच होती. सकाळी ते भांडुपची फळी उरकून धापा टाकत नाहूरला पोचत तोवर पावणेदहा होत आणि तिथल्या माणसांनी पावणेदोन तास विड्या ओढलेल्या असत. कंपनीचा खरेदी अधिकारी एकदा अचानक तपासणीला आला. त्यानं पाहिलं तर वीस माणसं हात बांधून उभी आणि मालक डबे उचलतो आहे. तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला की इथे काही धार्मिक विधी चालू असेल तर मी नंतर येतो. माझे कान गरम झाले. त्याच संध्याकाळी मी आतोबांना सांगितलं की हे असं पुढे चालणार नाही.

मला एक श्रेय द्यायला हवं. डबे बघणं बंदच करा असं मी म्हणालो नाही. त्यात शहाणपण आहे हे मला पटलं होतं. फक्त त्या शहाणपणाला शिस्त हवी, ते एका माणसाच्या मनगटात अडकून राहता कामा नये, असं माझं म्हणणं होतं. पदविकेत आम्हाला हेच शिकवलं होतं. मी दोन्ही गाळ्यांच्या दारात एकेक ताणकाटा टांगला. पंधरा दिवस सगळ्यांच्या डब्यांची वजनं घेऊन सरासरी काढली आणि एक किमान वजन ठरवलं. एक वही घातली: नाव, वजन, शेरा. कमी भरला तर शेऱ्यात 'हलका' आणि तो माणूस त्या दिवशी पॅकिंगला. प्रत्येक गाळ्यात एक सुपरवायझर वही वाचून कामं वाटणार. दहा मिनिटांत सगळं खलास. आतोबांनी काट्याच्या आकड्याला आपला पाच पुड्यांचा डबा अडकवून बघितला, सुई कुठे जाते ते पाहिलं आणि विचारलं, "काटो पोट बघता काय रे?"

"पोट कुणालाच दिसत नाही आतोबा," मी म्हणालो. "तुम्हीही वजनच बघता ना?"

आतोबांची एक खोड होती. एखाद्याला एखादं काम दिलं की त्यात ते पुन्हा हात घालत नसत. "तू मॅनेजर," एवढं म्हणाले आणि फळीपुढची खुर्ची दोन फूट मागे सरकवून बसले. ती दोन फूट मला तेव्हा फार सुखाची वाटली.

माझी वही झकास चालली. पहिल्या आठवड्यात सहा-सात 'हलके' निघाले. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्यापासून एकही नाही. सगळे डबे किमान वजनाच्या वर, तेही रोज. मी त्याचा आलेख काढून भिंतीला लावला. खरेदी अधिकारी पुन्हा आला तेव्हा आलेखापुढे पाच मिनिटं उभा राहिला आणि जाताना माझ्याशी हस्तांदोलन करून गेला. आतोबांनीही वही मागून घेतली, पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "महिन्याअखेर आसा, आणि भांडुपात इतकी सुबत्ता इली? माझ्या घरात नाय इली ती!" मी हसलो. ते हसले नाहीत. पण वही त्यांनी मिटून माझ्या हातात दिली, कारण ती माझी होती.

नाहूरच्या गाळ्यात दळवी म्हणून प्रेसवाला होता. तिशीचा, हडकुळा, आणि हाताला विलक्षण चपळ. प्रेसवर बसला की पत्रा त्याच्या हातात आपण होऊन सरके. आतोबा त्याच्या मागे उभे राहून नुसतं बघत राहत, आणि तो त्यांना आवडतो हे सगळ्या गाळ्याला कळे. टेंभीपाड्याला त्याची एक खोली होती. त्याच्या भावाची गिरणी बंद पडली तेव्हा भाऊ, भावजय आणि तीन पोरं त्या खोलीत राहायला आली. हे मला नंतर कळलं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला नाहूरहून माणूस धावत आला. आतोबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि "कोण?" एवढंच विचारलं. आम्ही पोचलो तेव्हा दळवीला रिक्षात बसवून कामगार विम्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं. डाव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेलं होतं. त्याच्या प्रेसजवळ कुणी तरी भुसा टाकला होता. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, असं कसं झालं, आज त्याचा डबा तर चांगला भरला होता, सगळ्यात जड त्याचाच होता. आतोबा सरळ दारात मांडलेल्या डब्यांकडे गेले. दळवीचा डबा उचलला, अधांतरी धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत, दुसऱ्याचा डबा उघडला. आत एका स्वच्छ धुतलेल्या फडक्यात नीट बांधलेले, आमचेच, आमच्या प्रेसवर काढलेले वॉशर होते.

मग मागून एक म्हातारा पॅकर हळूच म्हणाला, "सगळेच टाकतात साहेब. कुणी वॉशर, कुणी पाणी. वहीत सगळ्यांसमोर 'हलका' वाचतात ना. इज्जतीचा फालुदा होतो हो." तो आवाज आरोपाचा नव्हता. तो मला समजावत होता, त्यामुळे ते जास्त लागलं. मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की आतोबा इतकी वर्षं डबे उचलत होते, पण कुणाचाही डबा हलका आहे हे त्यांनी कुणालाही, त्या माणसालासुद्धा, कधी कळू दिलं नव्हतं. पॅकिंगला माणूस कमी असतो, चष्मा लागत नाही, या थापाच त्यांचा खरा कारभार होत्या. मी वजन तेवढं उचललं आणि थाप तिथेच ठेवली. दळवीनं तीन दिवस आपल्या वाटची भाकर भावाच्या पोरांना दिली होती आणि ते लपवायला माझ्या काट्याला पुरेल एवढं लोखंड डब्यात भरून आणलं होतं.

त्या संध्याकाळी दोन्ही गाळ्यांतली माणसं भांडुपला आली. कुणी बोलावलं नव्हतं. एकेकानं खुर्चीपुढे थांबून हात जोडले आणि आतोबा एकेकाचे हात नेहमीसारखे बघत गेले. सगळे गेल्यावर मी उरलो. माझे हात जोडले जाईनात. आतोबा मला ओरडतील, निदान चार शिव्या देतील म्हणून मी उभा होतो. मला त्या हव्या होत्या. ते त्या काट्याच्या आकड्याकडे बघत म्हणाले, "तुझी चूक नाय झिला. तुका मी काम दिलंय, पण त्येतला अर्धा सांगलंयच नाय. माका वाटला, दिसता ना डोळ्यांक. माणसां वाढली तशी माझी नजर अपुरी पडली, ती तुझ्या काट्यान भरान निघात असा माका पण वाटलाच मा." मग त्यांनी आपला तीन बोटांचा हात पुढे केला, माझे दोन्ही हात त्यात धरून जवळ आणले आणि उलटसुलट करून पाहिले. "धा आसत," म्हणाले. "जा घरी. आवस वाट बघता." आईपाशी पोचेपर्यंत मी रस्त्यात रडलो आणि ते सांगायला मला आज लाज वाटत नाही.

दळवी दीड महिन्यानं परत आला. त्याला वाटलं होतं त्याला काढून टाकतील, म्हणून तो दाराशीच घुटमळत होता. आतोबांनी त्याला आत घेतलं, चहा पाजला आणि नाहूरच्या गाळ्याचा सुपरवायझर करून टाकलं. मी म्हणालो, आतोबा, त्याला हिशेब येत नाही, रिपोर्ट लिहिता येत नाही. "रिपोर्ट तू लिही," ते म्हणाले. "डबो त्येका उचलूंदे. ज्येचो डबो एकदा हलको झालो, तेका कळता कसो उचलायचो तो." नाहूरच्या दारातही सागवानी फळी आली. दळवी हात मागे बांधून तिच्यापुढून चक्कर मारी, आतोबांसारखाच, आणि मग आत जाऊन एखाद्याला म्हणे, "ए, आज पॅकिंगला ये ना यार, माझा हात दुखतोय." त्याचा हात बहुतेक दुखत नसे. मीही काही अगदीच हातपाय गाळून बसलो नाही. काटे काढले, वही जाळली, आलेख फाडला, पण ऑर्डरच्या पैशातून प्रत्येक प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं बसवून घेतली. पायाचं पेडल गेलं आणि दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय दट्ट्या खाली येईनासा झाला. आतोबांनी ती बटणं दाबून दाबून पाहिली. "ह्या बरा केलंस," म्हणाले. माझ्या पदविकेला मिळालेली तेवढीच पावती आहे आणि मला ती पुरते.

पुढे चार वर्षांनी आतोबा अंथरुणाला खिळले. खुर्ची त्यांनी सोडली तरी फळ्या चालूच होत्या. भांडुपची मी पाहू लागलो होतो. आधी मला नुसतं वजन कळे, मग हळूहळू कडीला लागलेलं तेल कळू लागलं, घासायचा राहिलेला डबा कळू लागला, आणि डबा ठेवताना माणूस आपल्याकडे बघतो की नाही हेही कळू लागलं. थापा मात्र मला अजून नीट मारता येत नाहीत. एका दुपारी मी आणि दळवी कामावरून त्यांना बघायला गेलो. आत्यानं त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. ते फार बारीक झाले होते, बोलणंही तुटक झालं होतं, आणि आम्हाला ओळखतील की नाही अशी आत्याला शंका होती. दळवी पुढे झाला आणि सवयीनं त्यानं दोन्ही हात उघडून जोडले.

आतोबांनी त्या हातांकडे निरखून पाहिलं. ओठ हलले. एकेक बोट मोजत त्यांची नजर डाव्या हाताच्या मधल्या बोटापाशी आली आणि थांबली. "साडेनऊ," ते म्हणाले. मग, "अर्धा माझ्याकडे ऱ्हवला रे." दळवीनं मान हलवली. "नाही आतोबा, तुमच्याकडे काही नाही राहिलं," असं तो म्हणाला.

मग मी हात जोडले. माझी दहा त्यांनी पटकन मोजली. माझी पाळी संपली असं समजून मी मागे सरलो, तर त्यांचा तीन बोटांचा हात पलंगाच्या कडेवरून खाली आला आणि माझ्या खांद्याला लटकणाऱ्या बॅगेच्या पट्ट्याला लागला. त्यांनी ती ओढून घेतली. उचलायला त्यांच्यात ताकद नव्हती, म्हणून मी खालून नकळत आधार दिला. बॅगेत डबा होता, पण त्या दिवशी डिस्पॅचच्या गडबडीत मी सकाळी तो न भरताच तसाच घेऊन निघालो होतो आणि दुपारही तशीच गेली होती. मी तोंड उघडून काही तरी थाप मारणार होतो.

त्यांनी बॅग क्षणभर अधांतरी धरली आणि खाली ठेवली. आत्याकडे वळून, जणू माझा त्यात काही संबंधच नाही अशा आवाजात म्हणाले, "गो, भात जास्ती झालो म्हणत होतंस मा? ह्या दोघांक वाढ. उगाच वाया जायत."

भात जास्त झालेला नव्हता. आत्यानं तो त्यानंतर चुलीवर ठेवला आणि आम्ही दोघं त्यांच्या पलंगाशेजारी बसून जेवलो.